मदत हवी: हेक्स मॅपवर शार्पशूटर नीट वापरायचे कसे?

भाऊ लोकहो, आम्ही चौघं धरमपेठेत दर रविवारी गेटिसबर्गच्या लढाईचा (अमेरिकन यादवी युद्ध) दुसरा दिवस, 2 जुलै 1863, बोर्डवर खेळून राहिलो, हेक्स मॅप (षटकोनी घरांचा नकाशा) आणि कागदी काउंटर (सैन्याच्या सोंगट्या). माझ्याकडे उत्तरेच्या बाजूच्या कर्नल बर्डनचे हिरव्या कोटातले शार्पशूटर (नेमबाज) आहेत. त्यांची शार्प्स रायफल मागून भरायची, झोपूनही लोड होते, म्हणून आमच्या रूलमध्ये त्यांना रेंज 8 हेक्स आणि साध्या पायदळाला 4. पण काउंटर 2 स्टेपचाच (दोन फटक्यांत बाद), चार्ज आला की खलास.

आधी झाडीच्या अगदी कडेला ठेवले, तिसऱ्याच टर्नला उडाले. मग मागे टेकडीवर ठेवले तर मधल्या झाडीमुळे लाइन ऑफ साइटच (शत्रू थेट दिसणं) मिळेना, अख्ख्या गेममध्ये दोनदा फायर झालं. तोफखान्यावर मारलं तेव्हाच जरा फायदा दिसला, बॅटरी एक टर्न गप्प बसली.

चालून फायर केलं तर ताकद निम्मी. चार्जच्या आधी 1 हेक्स मागे सरकता येतं, पण मोराल चेक (सैनिकांचं धैर्य टिकतं का याची चाचणी) पास झाला तरच. शत्रूचं पायदळ टर्नला 4 हेक्स चालते. रूल बदला म्हणू नका, बाकीचे तिघं ऐकणार नाहीत.

तर टार्गेट आधी कोणतं धरू, तोफा की जनरलचा काउंटर? आणि शत्रू किती हेक्सवर आला की जागा सोडायची?