इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष: छापील पुस्तकं घ्यावीत की टॅबवर भागेल?

कळवेकर: मुलगी ठाण्याहून ऐरोलीला ट्रान्स-हार्बरने जाऊन-येऊन करते. सगळी पुस्तकं गर्दीत पाठीवर नेणं कठीण. १० इंची टॅब घेऊन सगळं पीडीएफवर वाचावं, की छापील सेट घ्यावा? भाचा लॉला आहे, त्याचंही सांगा.

ग्रंथपाल_ठाणे: विषय बघून ठरवा. मॅथ्स आणि मेकॅनिक्स छापीलच घ्या. गणित सोडवताना उदाहरण, सूत्र आणि मागची उत्तरं एकाच वेळी लागतात. पुस्तकात दोन बोटं अडकवली की काम होतं. टॅबवर दर वेळी पान शोधताना हातातली पायरी निसटते. शिवाय ए-४ पान २१ सेंटिमीटर रुंद असतं आणि उभा धरलेला १० इंची टॅब जेमतेम साडेतेरा. म्हणजे ११ पॉइंटचं अक्षर ७ पॉइंटचं होतं, घातांक वाचताच येत नाही.

आवृत्ती कोणती ते आधी शिक्षकांना विचारा. आवृत्ती बदलली की स्वाध्यायातल्या गणितांचे क्रमांक बदलतात. जुनं पुस्तक घेताना पानांचे आकडे चाळाच. बऱ्याच पुस्तकांत १६ पानांचा एक फॉर्मा (एकत्र दुमडून शिवलेला गठ्ठा) असतो, आणि बाइंडिंगमध्ये एखादा गळतो. पान ९६ नंतर थेट ११३ आलं, तर पुस्तक तिथेच परत द्या.

ओझ्याचं म्हणाल, तर जाड पुस्तक घरी राहू द्या. चालू प्रकरणाच्या पानांचे फोटो टॅबवर ठेवले की प्रवासात उजळणी होते.

कोपरखैरणे_कोड: प्रोग्रामिंग टॅबवर खुशाल वाचू दे. फक्त पीडीएफमधला कोड कॉपी-पेस्ट करू नये. छपाईतली वाकडी अवतरणचिन्हं तशीच येतात आणि सी कंपायलर एरर देतो; पायथनचं इंडेंटेशन, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, सपाट होतं. हाताने टाइप केलेलं बरं, डोक्यातही राहतं.

फाइल मिळाली की एका शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही तर ते नुसतं स्कॅन आहे, त्यात शोध चालणार नाही. ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरने ओळखून घेतलीत तरी सूत्रांवर भरवसा ठेवू नका, १०² चं १०२ होऊन बसतं.

वाशी_विधी: भाच्याला बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीपा नसलेला कायद्याचा मूळ मजकूर, डिजिटल चालेल; इंडिया कोड या सरकारी साइटवर फुकट आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे: खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये. त्यामुळे सेकंडहँड पुस्तक घेताना साल बघाच. जुनी दंडसंहिता मात्र टाकू नये. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना तीच लागते. विवेचनाचं पुस्तक छापील हवं, समासात निवाडे लिहिता येतात.

कळवेकर: मनापासून आभार. एका विषयाचं ई-बुक ६ महिन्यांच्या भाड्याने स्वस्त मिळतंय. घ्यावं का?

ग्रंथपाल_ठाणे: मॅथ्सचं असेल तर नको. केटी लागली, म्हणजे विषय राहून पुन्हा परीक्षा द्यावी लागली, तर पुस्तक पुन्हा लागतं, आणि तोवर मुदत संपून तिने केलेल्या खुणाही हाती राहत नाहीत. बाकी विषयांचं घेताना ऑफलाइन उघडतं का ते आधी बघा. त्याआधी कॉलेजच्या ग्रंथालयात ई-बुकांचं लॉगिन मिळतं का ते विचारा. कॉलेजने सदस्यत्व घेतलं असेल तर ती विद्यार्थ्यांना वेगळे पैसे न भरता वाचता येतात.