पऱ्हाट्यांचा बायोचार उन्हावर करावा का?

वऱ्हाडी_शेतकरी
कापूस संपला की पऱ्हाट्या (कापसाची उरलेली झाडं) उपटून धुऱ्यावर पेटवायच्या, हे विदर्भात दरवर्षीचंच. शेतात ठेवल्या तर गुलाबी बोंडअळीचं फावतं. त्यापेक्षा आरशांनी ऊन एकवटून बंद पिंपात, हवा न लागू देता भाजल्या तर? जमिनीत शेकडो वर्षं टिकणारा बायोचार, म्हणजे मातीत मिसळायचा कोळसा, मिळेल. शिर्डीच्या प्रसादालयात 73 सौर तबकड्यांच्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक होतो. मग हेच का नाही?

भट्टीवाला
शिर्डीत वाफ लागते हो, कोळशाला 400-500 अंश लागतात. आणि मुळात आरसे हवेत कशाला? पऱ्हाटी तापली की तिच्यातून सुटणारा वायूच जळून पुढचं काम करतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा केला तो असाच. 2002 साली त्याला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. नाहीतर शंकूसारखा खड्डा खणा, वरून पेटवा, थरावर थर द्या, शेवटी पाणी मारा. झालं.

वऱ्हाडी_शेतकरी
माल जरा ओला निघाला की त्या खड्ड्याचा धूर अख्ख्या गावाला. उन्हावर तो वायू वाचेल, चुलीला वापरता येईल. 2014 साली कोलोरॅडो विद्यापीठाच्या लोकांनी दिल्लीत संडास दाखवला होता: आठ आरशांचं ऊन ऑप्टिकल फायबरमधून आत नेऊन मैल्याचा बायोचार. मैला भाजतो, मग पऱ्हाटी का नाही?

भट्टीवाला
हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. मैला ओला. एक किलो पाण्याची वाफ करायलाच सव्वादोन मेगाज्यूलच्या वर ऊर्जा जाते, म्हणून तिथे बाहेरची उष्णता हवी. पऱ्हाटी तर तुमच्याकडच्या एप्रिलात फुकट वाळते! तेवढंच ऊन पुरे.

लाल_माती
मातीचं कुणी विचारलंच नाही. काळ्या जमिनीचा सामू (pH; 7 च्या वर म्हणजे अल्कधर्मी) बहुतेक ठिकाणी आधीच 8 च्या आसपास, त्यात बायोचारही अल्कधर्मी. फायदा झाला तर आमच्या कोकणातल्या आम्लधर्मी जमिनीला. (पावसाळ्यात आरसे कशावर चालवायचे ते तुम्हीच सांगा.) आणि कोरा टाकू नका, आधी शेणकाल्यात मुरवा, नाहीतर पिकाचं नत्र तोच धरून बसतो.

वऱ्हाडी_शेतकरी
शेणकाल्याचं पटलं. पण माझी जमीन काळी कुठे, मुरमाड आहे. पाणी धरत नाही. मला सामूपेक्षा ओल महत्त्वाची. आणि वायू चुलीला मिळाला तर सिलिंडरचे पैसेही हिशेबात धरा की!

भट्टीवाला
धरतो. त्या वायूतलं डांबर नळीत थिजून ती चोंदते, ते साफ कोण करणार, तेही धरा.