मदत हवी आहे: चावावं लागणार नाही, पण पोट भरेल असं सूप

नमस्कार मंडळी,

बाबांच्या दाढा काढल्यात आणि कवळी बसायला अजून दीड महिना आहे. तोवर चावायचं काहीच नको. पहिला आठवडा पातळ सूपवर निघाला. आता वाटी पुढे केली की म्हणतात, "पाणी प्यायलो, जेवायला काय आहे?" दोन तासांत परत भूक लागते. तीन किलो वजन उतरलंय, त्याचीच मला जास्त काळजी वाटते. म्हणून जगात जिथे जिथे लोक सूपवर एक वेळचं जेवण भागवतात, तिथली सूप्स एकेक करून बघायला घेतली. आतापर्यंत चार केली. एक जमलं, तीन बिघडली.

जमलं ते तुर्कस्तानातलं मेरजिमेक चोर्बासी. मसूर डाळ, कांदा, गाजर आणि एक छोटा बटाटा मऊ शिजवून एकजीव करायचं, वरून गरम लोण्यात पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) आणि वाळलेला पुदिना घालून ते ओतायचं. बाबांनी वाटी अगदी निपटून खाल्ली. पण रोज तेच कसं देणार?

आता बिघडलेली. फ्रान्समधलं बटाटा आणि लीकचं (जाड पातीच्या कांद्यासारखी भाजी) सूप चवीला छान झालं होतं. गुळगुळीत व्हावं म्हणून मिक्सरला तीन मिनिटं फिरवलं, तर भांड्यातून खळ निघाली! चमचा उचलला की तार सुटत होती. दूध घालून पाहिलं, पण खळ पातळ झाली इतकंच.

ग्रीसमधल्या अवगोलेमोनोमध्ये चिकन स्टॉक (चिकन उकळून गाळलेलं पाणी), त्यात शिजलेला तांदूळ, आणि दाटपणा अंडी-लिंबाचा. कृतीत 'हळूहळू मिसळा' असं होतं, म्हणून उकळत्या सूपमध्ये फेटलेली अंडी बारीक धारेने सोडली. लगेच फाटलं, वर तुकडे तरंगायला लागले.

तिसरं इटलीतल्या टस्कनीचं रिबोलिता, म्हणजे पांढरे बीन्स, भाज्या आणि शिळा पाव. बीन्स रात्रभर भिजवले, टोमॅटोसकट शिजायला लावले. अडीच तास झाले तरी आतून कच्चट. पाव विरघळला, दाणे तसेच. बाबा एकेक दाणा जिभेने बाजूला काढून वाटीच्या कडेला लावत होते, एक शब्द बोलले नाहीत. ते बघून फार वाईट वाटलं.

चिकन, अंडी, दूध सगळं चालतं. हिरड्या हळव्या आहेत म्हणून तिखट नको, आंबट बेतानं. माझं कुठे चुकतंय? आणि अजून काय करता येईल?

प्रतिसाद:

ताई, तीनही सूप्स सोडू नका, थोडक्यात हुकलीत.

बटाटा मिक्सरला लावायचाच नाही. पात्यांनी त्यातला स्टार्च मोकळा होतो आणि खळ होते. मॅशरने दाबा किंवा चाळणीतून काढा. तुमचं मसुराचं सूप बिघडलं नाही, कारण त्यात बटाटा नावालाच होता.

अवगोलेमोनोला अंडी सूपमध्ये नाही, सूप अंड्यांत घालायचं. एक लिटर स्टॉकला दोन अंडी लिंबाच्या रसात फेटा. गरम स्टॉक आधी चमचा-चमचा, मग डावभर असा त्यात घालत फेटत राहा. भांडं आचेवरून उतरवून मगच हे मिश्रण आत ओता आणि त्यानंतर उकळी येऊ देऊ नका. पिवळा बलक 65 अंशांच्या आसपास दाटायला लागतो, त्याला उकळीची गरजच नसते.

बीन्सचं म्हणाल तर टोमॅटो आधी पडला. आंबटाने दाणे शिजायला फार वेळ लागतो. दाणा दोन बोटांत सहज चिरडला गेला की मग टोमॅटो घाला. बाबांसाठी निम्मे बीन्स वाटून त्याच सूपमध्ये परत मिसळा, पाव नंतर.

एक मात्र लक्षात घ्या. नुसता बटाटा किंवा पाव घालून दाट केलेलं सूप पोटात फार वेळ टिकत नाही. डाळ, अंडी, चिकन आणि थोडी स्निग्धता हवीच. त्यासाठी पश्चिम आफ्रिकेतलं शेंगदाण्याचं माफे करून बघा. सेनेगलमध्ये ते मटण किंवा चिकन घालून करतात. तुम्ही चिकन मऊ शिजवून वाटून घ्या. कांदा, टोमॅटो, रताळं आणि तीन-चार मोठे चमचे पीनट बटर घालून मंद आचेवर ठेवा. कडेने तेल सुटलं की झालं. मिरची वगळा. पुढे तांदळाची चिनी काँजी करा: एक वाटी तांदळाला दहा वाट्या स्टॉक, दाणा फुटेपर्यंत शिजवायचं, शेवटी फेटलेलं अंडं.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

मनापासून आभार! काल अवगोलेमोनो परत केलं. डावातला स्टॉक अंड्यांत घालताना हात कापत होता, पण या वेळी फाटलं नाही. चमच्याच्या पाठीवर साईसारखा थर बसला. तांदूळ मुद्दाम जास्त शिजवला होता. बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि दुपारभर काही मागितलं नाही. माफे उद्या.

आता अडचण अशी की अर्धं भांडं फ्रीजमध्ये आहे आणि बाबांना गरम लागतं. थेट आचेवर ठेवलं तर पुन्हा फाटेल का? गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून ढवळत तापवावं असा विचार आहे. कुणी केलंय का असं?