पॉलिइमाइडच्या वर्णपटात बारा-बाराच्या अंतराने शिखरे का?

प्रश्न (नांदेड): एम.एस्सी.च्या प्रकल्पात पॉलिइमाइड या उष्णतारोधक प्लास्टिकच्या पिवळसर फितीवर 248 नॅनोमीटरचा लेसर सोडला, तेव्हा वस्तुमान वर्णपटात (सुटलेल्या आयनांच्या वस्तुमानांच्या आलेखात) प्लास्टिकच्या रेणुसाखळीचे तुकडे न दिसता बारा-बाराच्या अंतराने शिखरे उमटली. हे कसे?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): ते कार्बनच्या समूहांचे धन आयन आहेत; कार्बन अणूचे वस्तुमान 12, म्हणून एकेक अणू वाढला की शिखर बाराने पुढे सरकते. 5 इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन बंध तोडू शकतो, शिवाय उष्णताही निर्माण होते. नायट्रोजन व ऑक्सिजन मुख्यतः वायुरूपाने निघून जातात आणि उरलेला कार्बन बाष्पझोतात पुन्हा जुळतो. डागाभोवती बोट फिरवून पाहा, काजळी लागेल. जड समूहांत हेच अंतर 24, म्हणजे दोन कार्बन अणूंचे, होते.

उत्तर (लातूर): सरांचे म्हणणे पटते. तुलनेसाठी ॲक्रिलिक घ्यावे. त्याची साखळी उलगडून 100 वस्तुमानाचा मोनोमर (साखळीचा मूळ घटक रेणू) सुटतो. मात्र लेसरची ऊर्जा उंबरठ्याजवळच (पदार्थ उडू लागण्यापुरतीच) ठेवावी, कारण ती वाढली की तुकड्यांचेही तुकडे होतात.

प्रश्नकर्ता: काजळी खरोखरच लागली, सर. उद्या ॲक्रिलिक लावतो.