मदत हवी आहे: ताडोब्यासाठी कॅननची आरएफ १००-५०० लेन्स की २००-८००?

कॅमेरा कॅनन आर७, सोबत फक्त १८-१५० लेन्स (आकडे मिमीमध्ये; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). मे महिन्यात ताडोब्यात चार सफारी आहेत, पुढे थंडीत भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो). २००-८०० ची पोच जास्त आणि किंमतही कमी. मग १००-५०० का घ्यावी? स्वस्तातला तिसरा पर्याय असल्यास तोही सांगा.

प्रतिसाद १
ताडोब्यासाठी १००-५००. वरचा आकडा सोडा, खालचा बघा. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर नाहीतर सरळ रस्त्यावर येतो. आर७ चा सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे. वाघ १० मीटरवर असेल तर २०० मिमीला फ्रेममध्ये जेमतेम १.१ मीटर रुंदी मावते, १०० ला २.२ मीटर. आडवा चालणारा वाघ २०० ला अर्धाच येणार. जिप्सी मागे घेता येईलच असं नाही, आणि त्या धुळीत लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर डाग ओढवून घेणं.

दुसरा मुद्दा पहाटेच्या उजेडाचा. ५०० ला एफ/७.१ मिळतं, ८०० ला एफ/९ (हा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो). म्हणजे जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० पुरतो तिथे ५००० लागेल, आणि आर७ वर तो फरक सावलीत दाणेदारपणा म्हणून लगेच दिसतो. बसलेल्या वाघाला शटर १/५०० सेकंद पुरतं, चालत्याला १/१००० ठेवा. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, वाघाचे पाय नाही.

प्रतिसाद २
रोहितांसाठी मात्र २००-८०० चा विचार जरूर करा. फक्त वजन २.०५ किलो आहे (१००-५०० ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरशिवाय १.३७), डुलत्या नावेत हातात धरून उडते पक्षी टिपायचे तर दंड भरून येतात. शटर १/२००० च्या खाली नको. आर७ वर इलेक्ट्रॉनिक शटर टाळा, सेन्सर सावकाश वाचला जातो आणि पंख वाकडे येतात. मेकॅनिकलला सेकंदाला १५ फ्रेम मिळतात, तेवढ्या पुष्कळ झाल्या.

धागाकर्ता
दोन्ही बजेटबाहेर गेल्या तर? आणि ट्रायपॉड न्यावा का?

प्रतिसाद १
कॅननच्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांची ईएफ १००-४०० एल, दुसरी आवृत्ती, आर७ ला जोडायच्या अॅडॉप्टरसह. ४०० ला एफ/५.६ मिळतं, पहाटे हे सोनं आहे. वापरलेली घेताना मोबाइलच्या टॉर्चने आत बुरशीचे धागे दिसतात का बघा. मग १५ मीटरवर भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, ४०० ला पूर्ण उघड्या अॅपर्चरवर दहा फोटो काढा, दर वेळी फोकस नव्याने घ्या. दहापैकी तीन-चार मऊ (अस्पष्ट) आले तर ती लेन्स सोडून द्या. आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे आणि बरीच स्वस्त, पण ४०० ला एफ/८ आणि धुळीपासून सीलिंग नाही. दुपारच्या सफारीला चालेल.

ट्रायपॉडला जिप्सीत जागाच नसते. बीनबॅग रिकामी न्या, तिथे दोन-अडीच किलो तांदूळ भरा. लेन्स थेट लोखंडी दांड्यावर टेकवू नका आणि फोटोच्या वेळी इंजिन बंद करायला सांगा, ती थरथर बीनबॅगमधूनही येते.

प्रतिसाद २
धुळीबद्दल एक राहिलं. या सगळ्या लेन्स झूम करताना लांब होतात. नळी आत घेण्याआधी तिच्यावरची धूळ ब्रशने झटका, नाहीतर ती आत ओढली जाते. प्रवासात वरून उशीचा अभ्रा घाला. आणि सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापली की १०० मीटरवरचं काहीही धूसरच येणार. हवाच थरथरत असते, लेन्स सर्व्हिसला देऊ नका.