तालमीत तुम्हाला पहिल्या दिवशी काय करायला लावलं?

तांबडीमाती
काल जेवताना भाच्याने वही पुढे सरकवली. नववीत आहे, गोष्ट लिहितोय. डोंगरावर एक मठ, तिथे लढणारे भिक्षू आणि त्यांच्या शिक्षणाच्या सात पायऱ्या. पहिली तलवार, दुसरी भाला, तिसरी डोळे बांधून लढाई. "मामा, बरोबर वाटतंय का?" म्हटलं, बाळा, पहिल्या दिवशी तलवार कुणी देत नाही. "मग काय देतात?" कुदळ.

मग रात्री झोप काही लागेना. ९३ साली सहावीची परीक्षा झाली आणि वडील मला एक पत्र्याची ट्रंक, तुपाचा डबा आणि पसाभर बदाम घेऊन कोल्हापुरात तालमीत सोडून गेले. वस्तादांनी नाव, गाव विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठवून म्हणाले, "हौद उकर." हौद म्हणजे कुस्तीची मातीची जागा. रात्रीत माती बसते, दगडासारखी होते. ती हातभर खोल उकरायची, ढेकळं फोडायची, मग फळी फिरवायची. फळीवर एक पोरगं बसवायचं आणि दोघांनी ओढायचं. माती म्हणजे नुसती माती नसते. त्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर असतो. खरचटलं तर चिघळू नये म्हणून. तो वास आजही कुठे आला की मी थांबतो.

पाच-सहा महिने मी कुणाची पकड घेतली नाही. माती, झाडलोट, मोठ्या पैलवानांचं अंग रगडणं. मग जोर-बैठका. मग खडाखडी, म्हणजे उभ्याने हाताला हात भिडवून जोर आजमावणं. मग एक डाव, एकेरी पट, अख्खा पावसाळा तोच. मग जोड मिळाली. मग जत्रेतलं पहिलं मैदान, बक्षीस नारळ आणि अकरा रुपये.

मोजलं तर सहाच पायऱ्या भरतात. सातवी काय लिहू, असं पोरगं विचारतंय. तुम्ही सगळ्यांनी आपापलं सांगा.

घाटवाट
झाडलोट. आणि मारुतीपुढचा दिवा. दिवा विझला तर वस्ताद काही बोलायचे नाहीत, स्वतः उठून लावायचे. त्यापेक्षा दोन रट्टे बरे वाटायचे.

सुईदोरा
मी मल्लखांबवाली, चालेल ना? कुस्तीचाच भाऊ तो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पैलवानांच्या तयारीसाठी मल्लखांब नव्याने उभा केला, म्हणजे आमचा खांब हा मुळात न थकणारा जोडीदार.
आमची पहिली पायरी एरंडेल. लाकडाला एरंडेल चोळायचं, जास्त झालेलं फडक्याने पुसायचं. आठवडाभर तेवढंच. मग साधी अढी, म्हणजे पायांनी खांबाला विळखा. मांड्यांची आणि काखेची सालं निघायची, आंघोळीच्या वेळी पाणी लागलं की रडू यायचं. आई खोबरेल लावायची आणि म्हणायची उद्या जाऊ नकोस. उद्या मीच सगळ्यांच्या आधी हजर. नंतर दोरीवर गेले. दोरी पायाच्या अंगठ्यात धरायची असते, आजही पडलेली ओढणी मी अंगठ्यानेच उचलते :)

बावनपत्ती
@तांबडीमाती तुपाचा डबा वाचून डोळे भरले. आमच्या घरी म्हैस एकच होती. थोरला तालमीत, म्हणून आम्ही बाकीची तिघं चार वर्षं कोरा चहा प्यायलो. त्याला हे कधी सांगितलं नाही. तो नंतर कळून खूप रडला. पायऱ्या पैलवान चढतो पण घर खाली शिडी धरून उभं असतं, हेही भाच्याला लिहायला सांगा. मठातल्या भिक्षूला कोण खाऊ घालतं?

तांबडीमाती
@बावनपत्ती हे त्याला आत्ताच वाचून दाखवलं. गप्प बसलाय.

नारळीपाऊस
कामानिमित्त सात वर्षं उत्तर केरळात होतो, तिथे कळरीत, म्हणजे त्यांच्या युद्धकलेच्या तालमीत जायचो. त्यांच्या पायऱ्या तर ठरलेल्याच आहेत. आधी मेय्तारी, म्हणजे फक्त शरीर. हत्ती, सिंह, घोडा अशा प्राण्यांच्या बैठकी, उंच लाथा, वाकणं. ते अंगात मुरलं की कोल्तारी, लाकडी आयुधं. मग अंकत्तारी, म्हणजे लोखंड, ढाल-तलवार आणि कमरेला गुंडाळता येणारी उरुमी. आणि सगळ्यात शेवटी वेरुंकै, रिकामे हात. मला हे उलटं वाटायचं. गुरुक्कल, म्हणजे तिथले वस्ताद, म्हणाले, रिकाम्या हाताने तलवारीसमोर उभं राहायचं तर तलवार आधी कळायला नको?
कळरी जमिनीत खणलेली असते, साधारण ४२ फूट बाय २१ फूट, दार पूर्वेला. उजवा पाय आधी आत, वाकून मातीला हात लावून कपाळाला. नैऋत्येच्या कोपऱ्यात पूत्तरा, देवीचं स्थान. त्याला पायऱ्या किती? सात! भाच्याला सांगा, तुझा आकडा चुकला नाही.
मी स्वतः लाकडापर्यंतच पोहोचलो, मग बदली झाली. अजून हळहळ वाटते.

पिठलंभाकर
थंडाईची कृती द्या कुणीतरी. पोरगं बारावीला आहे, नुसतं वाळलंय.

गोदाकाठ
लढणारे साधू म्हणता तर नाशिककरांनी बोलायलाच हवं. २०१५ च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला स्वयंसेवक होतो. शैव आखाडे त्र्यंबकला, वैष्णव नाशकात. एका म्हाताऱ्या नागा साधूंना रोज चहा द्यायचो. विचारलं, बाबा, दीक्षा कशी मिळते? म्हणाले, आधी काही वर्षं गुरूची भांडी घास, धुनीला लाकडं आण. टिकलास तर मग स्वतःचं पिंडदान. जिवंतपणी आपलंच श्राद्ध. त्यांच्या बोटांवर भांड्यांच्या राखेचे चरे अजून होते, की मला तसं वाटलं.
आणि टाकळी विसरू नका! समर्थांनी बारा वर्षं तिथे काढली, रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत असं आमच्याकडे सांगतात. तालमीतालमीतला मारुती उगाच नाही.

काळीपाटी
शिराळ्याचा मारुती अकरा मारुतींतला. माझं माहेर तिथलं. यात्रेच्या कुस्त्या आम्ही बायका माडीवरून बघायचो, खाली जायची सोय नव्हती. आता भाची त्याच मैदानात लढली!!

सुईदोरा
@काळीपाटी किती वजनगट? मनापासून अभिनंदन सांगा.

रानजाई
मी ते खाली उतरलेल्यांपैकी. २००६. गावातल्या तालमीत मुलीला हौदात पाय ठेवू देईनात, माती विटाळते म्हणाले. आबांनी भांडण केलं नाही. परसात म्हशीचा गोठा मोकळा केला, नदीकाठची माती बैलगाडीने आणली, चाळली, स्वतः ताक-हळद कालवली. म्हणजे माझी पहिली पायरी हौद उकरायची नव्हती, हौद बांधायची होती. जोड नव्हती म्हणून धाकट्या भावाशी लढायचे. त्याला धोबीपछाड इतक्यांदा मारलाय की आज तो पोलिसात आहे आणि म्हणतो पडायला ताईने शिकवलं.
माझा डावा कान मोडलेला आहे. लग्नाच्या वेळी केसांनी झाकायला सांगितलं होतं. मी अंबाडा घातला.

घाटवाट
@रानजाई ताई, आबांना दंडवत.

बावनपत्ती
रडवलंत.

डोंगरबारी
मॅट कुणीच बोललं नाही. मातीवर पाय रोवून वेळ काढता येतो, मॅटवर सहा मिनिटांत गुण घ्यायचे असतात. मी सोळाव्या वर्षी मॅटवर गेलो आणि पाठीमागून आलेल्या पोरांकडून हरत सुटलो. सगळं पहिल्यापासून. खाशाबा जाधवांचं बघा, गोळेश्वरच्या मातीतला माणूस, १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला सहावा आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. मधली चार वर्षं त्यांनी काय काय नव्याने गिरवलं असेल याचा मी फार विचार करतो. सरावाला जाताना खिशात हौदातली चिमूटभर माती न्यायचो. मॅटवर टाकली नाही कधी, नुसती खिशात.

तांबडीमाती
सातवी सापडली बहुतेक. रात्री डोळ्यांसमोर आलं ते लिहितो. मी तालीम सोडली त्या वर्षी वस्ताद सत्तरीला टेकले होते. निरोपाला म्हणून पहाटेच गेलो, पोरं अजून झोपली होती. आत कुदळीचा आवाज. लंगोट लावून एकटेच हौद उकरत होते. मला बघून म्हणाले, "आलास? धर फळी." बस गाठायची होती तरी फळी ओढली. भाच्याने तेवढंच लिहिलंय.

पिठलंभाकर
सगळं वाचलं, फार छान. पण थंडाई राहिली.

रानजाई
@पिठलंभाकर बदाम रात्री भिजत घाला, सकाळी सोला. खसखस, बडीशेप, चार मिरी, दोन वेलदोडे. मिक्सर नको, कुंडीत घोटा, बदामाचं तेल सुटेपर्यंत. मग खडीसाखर आणि दूध. पाच बदामांनी सुरुवात करा, एकदम वीस नका देऊ, पोट बिघडतं. आणि त्याला स्वतःलाच घोटायला लावा.

डोंगरबारी
रविवारी मुलाला पहिल्यांदा नेतोय, आठ वर्षांचा आहे. एवढ्या लहान मापाचा लंगोट सांगलीत तयार मिळेल का?

काळीपाटी
शिवून घ्या, सुती कापड. आधी दोनदा धुवा, नवा काचतो. आमच्या भाचीच्या आईने बरेच शिवलेत, लागला तर कळवा.