आय-१३० भरण्याआधी हे तपासा
अमेरिकेत नोकरीच्या आधारे आपल्याला ग्रीन कार्ड मिळाले आणि १९ वर्षांची मुलगी मागे राहिली, म्हणून तिच्यासाठी आय-१३० (नातेवाइकाला बोलावण्याची याचिका) भरण्याचा सल्ला आपल्याला मिळाला असेल. पण त्याआधी कृपया एक गोष्ट पाहा. कार्ड मिळाले तेव्हा ती आपली मुलगी होतीच, त्यामुळे ती अविवाहित आणि २१ वर्षांखालील असेपर्यंत, नवी याचिका न करता, आपल्याच मूळ प्राधान्य तारखेवर (रांगेतली जागा ठरवणाऱ्या तारखेवर) ‘फॉलोइंग टू जॉइन’, म्हणजे मागाहून येऊन सामील होण्याच्या, तरतुदीने येऊ शकते. आपण अमेरिकेतच राहून स्टेटस बदलले (म्हणजे तिथेच अर्ज करून ग्रीन कार्ड घेतले) असेल, तर त्यासाठी आय-८२४ (मंजूर अर्जावर पुढील कारवाईची विनंती) भरतात. आय-१३० भरल्यास मात्र ती एफ२ए रांगेच्या (ग्रीन कार्डधारकांचे जोडीदार आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांच्या रांगेच्या) शेवटी जाईल. तिचे लग्न झाले, तर दोन्ही वाटा बंद होतात. तिचा जन्मदाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवून तिच्या नावाचे अक्षर न् अक्षर आजच ताडून घ्या.